आतोबा आणि मंगळवारचे तांगे

सबंध ग्वाल्हेर संस्थानात माझ्या आतोबांइतका शांततेचा भोक्ता दुसरा कोणी नव्हता, आणि त्यांच्याइतक्या मोठ्यानं बोलणाराही दुसरा कोणी नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चोपदाराचं. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले आणि शहराच्या 'लष्कर' नावाच्या भागात राहिले. त्यांनी तलवार किती चालवली ते मला माहीत नाही, पण गळा मात्र भरपूर चालवला असणार, कारण तो सगळा वारसा आतोबांच्या वाट्याला आला होता. महाराजांची स्वारी निघाली की चांदीची काठी हातात घेऊन पुढे चालायचं आणि "निगा रखो! आस्ते कदम!" अशी ललकारी द्यायची, हे काम त्यांनी उभी हयात केलं. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांची ललकारी ऐकून रस्त्याच्या दोन्ही कडांचे लोक आपोआप ताठ होत, टोप्या नीट करत, आणि कडेवरची पोरं रडायची थांबत. नोकरी संपली तेव्हा काठी दरबारात परत गेली. आवाज परत घ्यायची काही सोय नसल्यामुळे तो घरी आला.

त्या आवाजाबरोबर राहणं म्हणजे काय, हे सांगून पटणार नाही. जेवताना ते "मीठ" म्हणाले की आत्या जागची उठायच्या आत शेजारच्या काकू भिंतीवरून मिठाची वाटी पुढे करत. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले होते, तेव्हा आतोबांनी माझ्या वडिलांना कोपऱ्यात नेलं आणि कानाशी लागून हळूच सांगितलं, की मुलगा लाखात एक आहे, फक्त उंचीला जरा मार खातो. मुलगा तेव्हा पलीकडच्या खोलीत पोहे खात होता. लग्न झालं, संसार सुखाचा झाला, पण आमचे भाऊजी पुढे कधीही आतोबांच्या शेजारी उभे राहिले नाहीत. देवळात आरतीला आतोबा आले की पुजारी घंटा वाजवणाऱ्याला खूण करून बसवत. उगाच दोघांची मेहनत कशाला, असा त्यांचा विचार असावा.

आणि असा हा माणूस शांततेसाठी जीव टाकत असे. घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला दर आठवड्याला स्वतः तेल घालायचा. कड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. जात्याखाली जुनी गोधडी. घड्याळाची टिकटिक सहन होत नाही म्हणून लंबक काढून ठेवलेला, मग वेळ हवी झाली की पुढच्या दारात उभे राहून इंदरगंजाकडे जाणाऱ्या कुणालाही "काय वाजले हो?" म्हणून विचारत, आणि रस्त्यावरची चार माणसं एकदम दचकून आपापल्या खिशात हात घालत. कावळा ओरडला तर त्याला "खामोश!" म्हणत. कावळा उडून जाई, आणि गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकायची थांबत. मी एकदा धीर करून म्हणालो, "आतोबा, पण आपला आवाजही जरा..." त्यांना माझं अज्ञान बघून वाईट वाटलं. "अरे, माझा तो आवाज आहे. शोर नव्हे. शोर म्हणजे जो कोणाच्या कामाचा नाही तो. ललकारी कामाची असते न?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी ऐकू गेलं नसतं.

या सगळ्या शांततेचं कारण आत्या होती. आत्याला अर्धशिशी होती, आणि ती चांगलीच वाईट होती. दुखायला लागलं की कपाळावर सुंठीचा लेप लावून ती अंधाऱ्या खोलीत पडून राही आणि भिंतीकडे तोंड करून एक शब्द बोलत नसे. अशा वेळी आतोबांची तडफड बघवत नसे. वैद्य झाले, हकीम झाले, मुरारच्या छावणीतला डॉक्टर झाला. त्यानं सांगितलं की यांना आवाजाचा त्रास होऊ देऊ नका. झालं. डॉक्टरचा हुकूम आतोबांनी शिरसावंद्य मानला, आणि सगळ्या घरादारात फिरून, मोठ्यानं, जातीनं प्रत्येकाला शांत राहायला सांगितलं. आत्या उशीवर उशी घेऊन कान झाकून पडली होती. ती नवऱ्याला त्याबद्दल कधी बोलली नाही.

घरातलं सगळं बंद करता आलं, पण मंगळवार बंद करता येईना. आतोबांच्या घरामागे मोठं मोकळं मैदान होतं आणि तिथे दर मंगळवारी संध्याकाळी तांग्यांच्या शर्यती होत. मैदानात मातीचा एक लांबट गोल रस्ता होता, त्याला सगळे 'चक्कर' म्हणत. आठवडाभर सवाऱ्या वाहून कंटाळलेले तांगेवाले त्या दिवशी घोड्यांना घुंगरांच्या माळा घालून येत, कोणी ढोल आणी, कोणी भोंगा आणी, आणि किला गेटापासून मुरारपर्यंतचे रिकामटेकडे लोक आरडाओरडा करायला हजर होत. आतोबा मागच्या सज्जात उभे राहून हातातली साधी काठी उगारत आणि त्यांना बंद करा, बंद करा म्हणून ओरडत. चाकांच्या खडखडाटात खाली शब्द काही पोचत नसे, नुसती काठी दिसे. एवढा मोठा दरबारचा चोपदार दर मंगळवारी आवर्जून उभा राहून आपल्याला शाबासकी देतो, अशी तांगेवाल्यांची समजूत होती. वळणावर आले की ते सज्जाकडे बघून सलाम करत आणि घोडा आणखी जोरात सोडत.

शेवटी आतोबांनी म्युनिसिपालिटीत तक्रार केली. मी त्याच वेळी म्युनिसिपालिटीत नवा कारकून लागलो होतो. भाचा आत आहे म्हणजे काम झालंच, असं आतोबांनी सगळ्यांना हळू आवाजात सांगितल्यामुळे मला कचेरीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तक्रार सभेपुढे आली. आमचे प्रेसिडेंट म्हणजे एक वयस्कर, गोलमटोल सरदार होते. त्यांना निर्णय देण्यापेक्षा चौकशी करणं जास्त आवडे, आणि चौकशीपेक्षा चौकशीच्या वेळचा फराळ. आतोबा पगडी बांधून उभे राहिले आणि त्यांनी आपली तक्रार बोलून दाखवली. पहिल्याच वाक्याला समोरच्या मेंबरांच्या हातातली सुपारी खाली पडली. दुसऱ्या वाक्याला शेजारच्या कचेरीतले लोक दारात येऊन उभे राहिले.

मग एका मेंबरांनी विचारलं, "चोपदारजी, तो चक्करवरचा शोर आपल्या या आवाजाहून मोठा असतो?"

"हुजूर," आतोबा नम्रपणे म्हणाले, "मी आत्ता कचेरीचा मान ठेवून हळू बोलून राहिलोय."

तांगेवाल्यांच्या बाजूनं त्यांचा चौधरी आला होता. उंच, खांद्यावर लाल गमछा टाकलेला. तो हात जोडून एवढंच म्हणाला, "सरकार, छह दिन सवारी की गाली खाते हैं। एक दिन अपना है।" हेही खोटं नव्हतं. प्रेसिडेंटसाहेबांनी दोघांकडे बघितलं, थोडं पाणी प्याले, आणि म्हणाले की नुसत्या ऐकीव गोष्टीवर मैदान बंद करता येत नाही. येत्या मंगळवारी कमिटी स्वतः मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, जाऊन शोर ऐकेल. शोर ऐकू आला तर चक्कर उठवू, नाही तर तक्रार खारीज. हे ऐकून आतोबा इतके खूष झाले, की जिना उतरताना त्यांनी मला म्हटलेलं "अब देखना" चौकातल्या पानवाल्यानं ऐकलं आणि तो दुकानातून उठून बघायला लागला.

त्या मंगळवारी आतोबांकडे लग्नघरासारखी गडबड होती. सज्जात गादीच्या खुर्च्या मांडल्या, करंज्या तळल्या, वाळ्याचं सरबत केलं. आत्या सकाळपासून कण्हत होती, तरी करंज्या तिनंच केल्या. संध्याकाळ झाली तशी मागे चक्कर सुरू झाली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी तर कहर होता. ढोल, घुंगरं, भोंगे, लोकांचा हलकल्लोळ; सज्जाचं लाकूड हाताला थरथरत होतं. आतोबा हात चोळत येरझाऱ्या घालत होते. "वाहवा! आज तर बिलकुल कान फाटून राहिलेत," असं ते दर वेळी आनंदानं म्हणत. आत्या आतल्या खोलीत पडली होती, पण तिलाही आशा वाटत असावी, कारण मी साहेबांना आणायला निघालो तेव्हा माझा हात धरून ती म्हणाली, "बाळा, साहेबांना नीट ऐकव हं. एवढं एक झालं न, तर मंगळवारी तरी मला माणसांत बसता येईल."

प्रेसिडेंटसाहेबांची बग्गी दारात आली. पुढे लाल पगडीचा शिपाई, मागे दोन मेंबर, मी. साहेब पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात आतोबांनी त्यांना पाहिलं, आणि पुढे जे झालं त्याला आतोबांचा इलाज नव्हता. त्यांची पाठ ताठ झाली, मान वर गेली, रिकामी मूठ चांदीची काठी धरल्यासारखी पुढे आली, आणि उभ्या आयुष्याच्या सवयीनं त्यांच्या तोंडून ललकारी निघाली. "निगा रखो! आस्ते कदम!"

ती ललकारी घरावरून गेली, सज्जावरून गेली आणि मागच्या मैदानावर जाऊन पडली. ललकारी शब्दांनी ओळखायची नसते, तिची चाल लोकांच्या हाडीमाशी असते. तांगेवाल्यांना वाटलं स्वारीच आली. सगळे लगाम एकदम खेचले गेले. ढोल थांबला. चौधरी तांग्यातून उडी मारून खाली उतरला, त्याच्यामागे बाकीचे उतरले, आणि आम्ही सज्जात येऊन बघतो तो सगळं मैदान हात जोडून, माना खाली घालून उभं! बड्या माणसाच्या समोर, तो जाईपर्यंत हालायचं नाही, ही इथली रीत. साहेब खुर्चीवर बसले. मैदान उभं. साहेबांनी करंजी घेतली. मैदान उभं. एक घोडा जरा खिंकाळला तर चौधरीनं त्याच्या नाकावर हात ठेवला.

"काय शांत जागा आहे हो," साहेब म्हणाले.

"हुजूर, हे आत्ता थांबलेत," आतोबा म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच अडखळलेला ऐकला.

"का थांबले?"

याला आतोबा काय उत्तर देणार? साहेबांचा मान केला ही चूक झाली, असं चोपदाराच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आणि अदबीनं उभ्या राहिलेल्या लोकांना, आता धावा म्हणून सांगणं हे तर त्याहून अशक्य. दिवेलागण झाली तशी साहेब तृप्त होऊन उठले आणि मला म्हणाले, "लिहा. मौक्यावर शोर आढळला नाही." बग्गी वळली आणि कोपऱ्याआड गेली, तोच मागे ढोल कडाडला आणि थांबलेली शर्यत पुन्हा सुरू झाली. आत्याच्या खोलीचं दार आतोबांनी स्वतः लोटून घेतलं. कडीला चिंधी होती, त्यामुळे आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी आतोबांच्या दारात आला. काल साहेबांची स्वारी येणार हे आधी कळलं असतं तर पागोटी बांधून आलो असतो, म्हणून तो माफी मागायला आला होता. आतोबांनी त्याच्यावर सगळा राग काढला, आणि त्यात पहिल्यांदाच आत्याच्या डोक्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली. चौधरी ऐकून थक्क झाला. "बाई साहब की तबीयत के लिए था? हम तो समझे आप हमारा हौसला बढ़ाते हैं। पहले काहे नहीं कहा, मालिक?" पुढच्या मंगळवारी चक्करवर ढोल नव्हता, घुंगरं नव्हती, भोंगे नव्हते. नुसती चाकं आणि टापा. म्युनिसिपालिटीत आलेल्या एका तक्रारीनं जे झालं नाही ते दारातल्या चार वाक्यांनी झालं, आणि आतोबांना हे आधी सुचलं नव्हतं याचं कारण साधं होतं. जन्मभर त्यांनी लोकांना फक्त ललकारी दिली होती; कोणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्या दिवसापासून ते घरातही हळू बोलायची खटपट करू लागले. ते हळू बोलले तरी रस्त्यावर ऐकू येई. पण खटपट होती, आणि आत्याला ती कळत होती.

मग वर्षं गेली. वय झालं तशी आत्याची अर्धशिशी आपोआप निघून गेली. पण जाताना ती एकटी गेली नाही. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एका मंगळवारी, मागे चक्कर ऐन भरात असताना, आत्या सज्जात बसून म्हणाली, "आज तांगे नाही आले का हो?" आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर जिच्यासाठी त्यांनी शांतता जमवली होती, तिच्याकडे ती आता अशी फुकट येऊन बसली होती. तिचे कान गेले होते; आमचं बोलणं तिला ऐकू जात नसे. सुना खुणा करत, नातवंडं तिच्या तळहातावर बोटानं लिहीत. बिजागऱ्यांना तेल घालणं आतोबांनी त्याच आठवड्यात सोडलं.

आणि पुढच्या मंगळवारी त्यांनी आपला खरा आवाज पुन्हा बाहेर काढला. आत्याशेजारी खुर्ची ओढून ते तिला चक्कर सांगायला लागले. "चौधरीचा पांढरा पुढे आहे! मागून तो मुरारवाला येऊन राहिला! अगं, वळणावर चाक घसरलं, पण सांभाळलं पठ्ठ्यानं!" आत्याचा चेहरा उजळला. तिला ऐकू आलं होतं. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "पांढऱ्याला सोडू नका म्हणावं!" आणि आतोबांनी तो निरोप तिथल्या तिथे चौधरीला पोचवला. खाली तांगेवाले खूष. दर मंगळवारी ही मौज सुरू झाली, आणि चक्करवर कोण जिंकतंय हे इंदरगंजाच्या चौकात उभ्या उभ्या कळू लागलं.

शेजारी बाहेरगावाहून एक वकील राहायला आले होते. त्यांनी म्युनिसिपालिटीत तक्रार केली, की शर्यतीचा त्रास नाही, पण शर्यत सांगणाऱ्या गृहस्थांचा शोर असह्य आहे. प्रेसिडेंट तेच होते, आता काठी टेकत चालणारे. तक्रार वाचून ते हसले आणि म्हणाले, मौका बघावा लागेल. मंगळवारी आम्ही गेलो. या वेळी दारात कोणी ललकारी दिली नाही. आतोबांना आम्ही आल्याचंही कळलं नाही. ते सज्जात अर्धे उभे राहून सांगत होते आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. साहेब दारातच थांबले. मी आत्याजवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. तिनं मला चाचपून ओळखलं आणि माझा हात धरून म्हणाली, "बैस बाळा. बघ न, सगळं लष्कर गप्प झालंय. एवढे एकटे हेच बोलतात माझ्याशी."

साहेबांनी ते ऐकलं. मग त्यांनी मला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं, पण आतोबांचा मुरारवाला नेमका तेव्हाच पुढे निघाला होता, त्यामुळे मला एक अक्षर कळलं नाही. मी कान पुढे केला. साहेबांनी माझ्या कानाशी तोंड आणून, ओरडून, पुन्हा सांगितलं, "लिहा! मौक्यावर शोर आढळला नाही!" वकीलसाहेबांना मी निकाल कळवला तेव्हा ते माझ्याकडे कसे बघत होते, ते अजून आठवतं.

आत्या त्यानंतरच्या थंडीत गेली. तेराव्यानंतरच्या मंगळवारी मी मुद्दाम आतोबांकडे गेलो. मागे चक्कर होती. चौधरीनं सगळे तांगे सज्जाखाली रांगेत उभे केले होते आणि ते सगळे वर बघत होते. आतोबा खुर्चीवर बसले होते, शेजारची खुर्ची तशीच होती. त्यांनी खाली बघून हात हलवला, जा म्हणून. शर्यत झाली. कोण जिंकलं, ते त्या दिवशी इंदरगंजात कोणाला कळलं नाही.

रात्री आम्ही जेवायला बसलो. घरात माणसं होती, पण कोणी फारसं बोलत नव्हतं. आतोबा पानाकडे बघत काहीतरी म्हणाले. मी त्यांच्या शेजारी होतो, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ, तरी मला ऐकू आलं नाही. "काय म्हणालात, आतोबा?" मी विचारलं. त्यांचे ओठ पुन्हा हलले. भिंतीपलीकडून कोणी वाटी पुढे केली नाही. मी उठलो आणि त्यांना मीठ आणून वाढलं.